बेंचरेस्टसाठी ॲक्शन किती आखूड असावी?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्याकडे रेमिंग्टन ७०० ची शॉर्ट ॲक्शन (बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बंद होणारा सरकता दांडा, आणि तो फिरतो ते नळीसारखं अंग) आहे, बोल्ट .३०८ काडतुसाचा. त्यांना १०० आणि २०० यार्डांवरचं बेंचरेस्ट, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून गोळ्यांचा झुपका (ग्रुप) जमेल तितका लहान करायचं शूटिंग सुरू करायचंय आणि ६ पीपीसी हे काडतूस डोक्यात आहे. कोणीतरी त्यांना सांगितलंय की ही ॲक्शन पीपीसीसाठी फार लांब पडते, मिनी ॲक्शनच घे, कारण ॲक्शन जितकी आखूड तितकी रायफल अचूक. हे खरं का, आणि हातातली ॲक्शन ठेवावी की बदलावी?

सरळ उत्तर आधी देतो. आखूडपणातून थेट अचूकता येत नाही. आखूड ॲक्शनमुळे वजन वाचतं, ताठपणा वाढायला मदत होते आणि हात कमी अंतर फिरतो. या तिन्ही गोष्टी कामाच्या आहेत, पण तिघींपेक्षा मोठ्या चार-पाच गोष्टी आहेत आणि त्या लांबीच्या आकड्यात दिसत नाहीत. मी बावीस वर्षं बेंचवर बसतोय आणि त्यातली पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या ॲक्शनही दुरुस्त करतोय. या काळात ॲक्शन अर्धा इंच लांब होती म्हणून ग्रुप बिघडलेला मी एकदाही पाहिलेला नाही. बोल्ट नीट बसत नाही, प्रायमरवर (काडतूस पेटवणाऱ्या छोट्या टोपीवर) आदळणारी पिन एकसारखी पडत नाही, म्हणून बिघडलेले मात्र कितीतरी पाहिले.

आखूडपणाचा हा आग्रह आला कुठून, ते बघण्यासारखं आहे, कारण मुळात तो चुकीचा नव्हता. १९४८ साली रेमिंग्टनने ७२१ आणि तिची आखूड बहीण ७२२ काढली. १९५० मध्ये माइक वॉकर यांचं .२२२ रेमिंग्टन काडतूस ७२२ मधूनच आलं. वॉकर कंपनीचे इंजिनिअर होते आणि स्वतः बेंचरेस्टचे नेमबाज. ते काडतूस पुढे कितीतरी वर्षं बेंचवर राज्य करत होतं. ७०० ही त्याच घराण्यातली, १९६२ ची. त्यानंतर वर्षभरात एक्सपी-१०० नावाचं बोल्ट ॲक्शन पिस्तूल आलं. त्याची ॲक्शन आखूड होती आणि एकेक काडतूस भरायची असल्यामुळे पोटाला मॅगझिनची खाच नव्हती. नेमबाजांनी ती पिस्तुलातून काढून रायफलीच्या दस्त्यात बसवली. ती चांगली चालली आणि श्रेय गेलं आखूडपणाला. माझ्या मते त्यातला मोठा वाटा न कापलेल्या पोटाचा होता.

हे का, ते सांगतो. बेंचरेस्ट रायफलीत बॅरल कुठेही टेकत नाही. पाचेक पौंडांचं ते लोखंड समोरून फक्त ॲक्शनच्या तोंडाला लटकलेलं असतं. मागे ॲक्शन दस्त्यात बेड केलेली, म्हणजे अचूक मापात बसवलेली असते, बहुतेकदा चिकटवूनच टाकलेली. म्हणजे सगळा ताण रिसीव्हरच्या, ॲक्शनच्या बाहेरच्या अंगाच्या, नळीवर. पोकळ नळीचा ताठपणा बाहेरच्या व्यासाच्या चौथ्या घातातून आतल्या व्यासाचा चौथा घात वजा करून येतो आणि वाक लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. ढोबळ हिशोब करा. ८ इंचांची नळी ७ इंचांवर आणली तर ताठपणा साधारण दीडपट होतो. तेच लांबी तशीच ठेवून १.३५ इंचांचा व्यास १.५५ केला आणि आतला बोल्ट ०.७ इंचांचाच ठेवला, तर ताठपणा जवळजवळ १.८ पट. खरी ॲक्शन चिकटवलेली असते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तिला लागू होत नाहीत, पण कल कळतो: जाडी लांबीपेक्षा जास्त देते. आणि याच नळीला वर एक खिडकी आणि खाली मॅगझिनसाठी लांब खाच पाडली, तर मधे दोन अरुंद पट्ट्याच उरतात. एक इंच आखूड करून कमावलेलं सगळं ती खाच परत घेऊन जाते. म्हणून मॅगझिनवाल्या मिनी ॲक्शनपेक्षा बंद पोटाची, एकेक काडतूस भरायची साधी शॉर्ट ॲक्शन मी केव्हाही पसंत करेन.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. रेमिंग्टनच्या रिसीव्हरवर ॲल्युमिनियमची जाड नळी इपॉक्सीने चढवायची पद्धत होती, तिला स्लीव्ह करणं म्हणत. वजन थोडं वाढायचं, ताठपणा भरपूर. अख्खी ॲक्शनच ॲल्युमिनियमची करून आत लग (बोल्टच्या तोंडाशी असलेले, त्याला बंद धरणारे दात) अडकतात तिथे पोलादी भाग घालायचा, हे मला त्याच विचाराचं पुढचं पाऊल वाटतं. स्टोल पांडा हे त्याचं सगळ्यात परिचित उदाहरण. ती जाड आहे, चौकोनी अंगाची आहे, आणि तरी हलकी. तिच्या यशात लांबीचा वाटा मी फार धरत नाही.

हलकेपणाला एवढं महत्त्व का, तर स्पर्धेतल्या वजनाच्या वर्गांमुळे. लाइट व्हार्मिंट वर्गाची मर्यादा १०.५ पौंड, हेवी व्हार्मिंटची १३.५. साडेदहातून दुर्बीण, रिंग, ट्रिगर आणि दस्ता वजा केले की ॲक्शन आणि बॅरल मिळून सात पौंडांच्या आत-बाहेर उरतं. ॲक्शनमध्ये वाचवलेला प्रत्येक औंस बॅरलला देता येतो. रायफलीचा तोलही पुढे सरकतो, मग ती पुढच्या रेस्टवर शांत बसते आणि मागच्या बॅगमध्ये उडत नाही. आखूड ॲक्शनचा खरा, मोजता येणारा फायदा हाच. हेवी व्हार्मिंटमध्ये शिसं घालून वजन पुरं करायची वेळ येते, तिथे हा फायदा जवळपास संपतो.

आता काडतुसाचं माप. पीपीसी १९७५ चं, डॉ. लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांचं, .२२० रशियनच्या केसवरून (पितळी कवचावरून) काढलेलं. केस दीड इंचाची. ६५-६८ ग्रेन वजनाची बुलेट घातली तरी अख्खं काडतूस सव्वादोन इंचांच्या आतच राहतं. रेमिंग्टनची शॉर्ट ॲक्शन मात्र .३०८ च्या कुटुंबासाठी, म्हणजे सुमारे २.८ इंचांच्या काडतुसासाठी बेतलेली. तेव्हा तिच्यात पीपीसीला जागा जास्त आहे, हे खरंच. पण जास्त जागेने बिघडत काय? बोल्ट अर्धा-पाऊण इंच जास्त मागे येतो, एवढंच. उलट जागा कमी पडली तर काय होतं, ते मी स्वतः भोगलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फार आखूड ॲक्शनमध्ये रिकामी केस छान बाहेर पडते. पण न झाडलेलं काडतूस बाहेर काढायची वेळ येते तेव्हा बुलेटचं टोक पोर्टच्या, म्हणजे काडतूस आत-बाहेर होतं त्या खिडकीच्या, पुढच्या काठाला अडतं. मग बोल्ट स्टॉप दाबून बोल्टच मागून पूर्ण बाहेर काढावा लागतो. हे घरी चालतं. स्पर्धेत वेळ संपली, फायर थांबवायचा आदेश झाला, चेंबरमध्ये जिवंत काडतूस आहे आणि हात घाईत, तेव्हा चालत नाही. त्यात आम्ही बुलेट बहुतेकदा रायफलिंगच्या (बॅरलमधल्या पिळाच्या) कडांत रुतवून बसवतो आणि केसची मान हलकी धरलेली असते. बोल्ट ओढला की बुलेट बॅरलमध्ये राहते, केस एकटी मागे येते, आणि एन१३३ पावडरचे बारीक काळे दाणे बोल्टच्या खाचेत, लगच्या घरात, ट्रिगरच्या फटीत पसरतात. माझ्यावर दुसऱ्या वर्षी ही वेळ आली. आधी टोक अडलं म्हणून मी हिसका दिला, त्या हिसक्याने केस वाकडी झाली आणि पावडर सांडली. पुढची मॅच सुरू व्हायच्या आत ट्रिगर धुणं शक्य नव्हतं. त्या दिवसाचे उरलेले ग्रुप मी लग चरचरत असलेल्या ॲक्शनवर काढले. ती ॲक्शन अतिशय सुंदर बनवलेली होती, फक्त पाव इंचाने आखूड. म्हणून माझा नियम असा: जिवंत काडतूस, तुमच्या नेहमीच्या लांबीचं, बोल्ट न काढता मोकळेपणाने बाहेर आलंच पाहिजे. त्याहून आखूड ॲक्शन नको.

हात कमी फिरतो म्हणून वेग मिळतो, असंही म्हणतात. बेंचरेस्टमध्ये वेग लागतो हे मान्य. पाच गोळ्यांना सात मिनिटं असतात, पण वाऱ्याची एक चाल धरून पाचही गोळ्या वीस-पंचवीस सेकंदांत सोडणारे नेमबाज आहेत. वारा दाखवणारे ध्वज एकसारखे आहेत तोवर काम उरकायचं, हीच त्यातली युक्ती. मात्र तो वेग बोल्टच्या प्रवासापेक्षा पोर्टच्या रचनेवर अवलंबून असतो. उजव्या हाताचे बरेच जण उजवा बोल्ट आणि डावीकडे पोर्ट असं घेतात: उजवा हात बोल्टवर राहतो, डावा हात काडतूस सरकवतो. केस कुठून बाहेर पडणार, हे वेगळं ठरवावं लागतं. मला तळातून केस खाली पाडणारी रचना आवडते, कारण तीत केस बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग नसते. रेमिंग्टनचा दट्ट्यासारखा इजेक्टर बंद बोल्टमध्येही काडतुसाला एका बाजूला रेटत असतो. पुष्कळ जण तो काढूनच टाकतात आणि केस बोटाने उचलतात. वेग जातो, पण काडतूस सरळ बसतं. सुरुवातीला मी हेच सुचवेन.

आता ज्या गोष्टींवर खरोखर ग्रुप ठरतो, त्यांच्याकडे येतो.

पहिली, बोल्ट बंद असताना कुठे टेकतो. रिकाम्या, तपासलेल्या रायफलीचा बोल्ट कॉक करून बंद करा आणि त्याच्या शेपटीला अंगठ्याने खाली दाबा. बहुतेक कारखानी ॲक्शनमध्ये ती हलते. कारण ट्रिगरचा सिअर (पिन अडवून धरणारा तुकडा) कॉकिंग पीसला, म्हणजे पिनच्या मागच्या टोकाला, वर ढकलतो, बोल्ट भोकात सैल असतो, म्हणून मागचं टोक वर उचललं जातं आणि पुढे वरचा लग आपल्या जागेवरून सुटतो. मार्करची शाई लगच्या मागच्या बाजूला लावून पाच-सहा वेळा बोल्ट बंद-उघड केला की दिसतं: खालच्या लगवर शाई घासून चकचकीत पोलाद वर आलेलं, वरच्या लगवर शाई जशीच्या तशी ओली-निळी. अशी रायफल झाडली की बोल्ट आधी सरळ होतो, मग दाब सोसतो, आणि दर वेळी सारखाच सरळ होईल याची खात्री नसते. खास बेंचरेस्टच्या ॲक्शन या कारणासाठी चांगल्या: बोल्ट आणि भोक यांतली फट ठरवलेली असते. काही बनवणारे बोल्टला पुढे-मागे उंचवटे ठेवतात. बोल्ट फिरताना मोकळा असतो आणि शेवटच्या थोड्या फिरतीत घट्ट बसतो. बॉर्डनच्या ॲक्शनचे ते उंचवटे याच कामाचे. रेमिंग्टनलाही बोल्टवर कडी चढवून हे साधता येतं, लग घासून दोन्ही टेकवता येतात, ॲक्शनचा समोरचा चेहरा बोल्टच्या अक्षाला काटकोनात आणि बॅरल बसवायच्या चुड्या त्याच अक्षावर करता येतात. हे लेथवरचं आणि जाणत्या गनस्मिथचं काम आहे. हातात घासकागद घेऊन लग घासू नका. हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांतली मोकळी जागा) वाढते आणि ती चूक धोक्याची असते.

दुसरी गोष्ट फायरिंग पिन, आणि इथे माझा जीव अडकलेला आहे. शंभर यार्डांवर रायफल बरी चालते आणि दोनशेवर ग्रुप उभा लांबतो, असं झालं की लोक पावडर बदलतात, बुलेट बदलतात, बॅरलला दोष देतात. मीही एक अख्खा मोसम तेच केलं. बुलेटचे तीन लॉट, दुसरं बॅरल, तरी ग्रुप उभाच. शेवटी बोल्ट खोलला आणि पिन प्रकाशात धरून फिरवली, तर तिच्या एका बाजूला नखाएवढा चकचकीत पट्टा होता. मागच्या टोपणात ती घासत येत होती. कधी जास्त घासायची, कधी कमी, आणि प्रायमरला बसणारा मार दर वेळी वेगळा. टोपण सरळ केलं, नवी स्प्रिंग घातली, ग्रीस पुसून जवळजवळ कोरडं ठेवलं. त्याच बॅरलने, त्याच पावडरने ग्रुप गोल झाला. आखूड ॲक्शनमध्ये पिनही आखूड आणि हलकी असते, म्हणून लॉक टाइम (ट्रिगर सुटल्यापासून पिन आदळेपर्यंतचा वेळ) कमी, हा युक्तिवाद बरोबर आहे. पण मार पुरेसा आणि एकसारखा नसेल तर तो वाचलेला क्षण काही देत नाही. पिन फार हलकी करून, स्प्रिंग सैल ठेवून बोल्ट मऊ उघडतो म्हणून खूश होणारे मला भेटतात. मी त्यांना दोनशे यार्डांवर जायला सांगतो.

पीपीसीचं प्रायमर छोटं आणि आम्ही दाब वरचा वापरतो, म्हणून पिनच्या भोकाचा आकारही बघा. भोक मोठं असेल तर प्रायमरचा पत्रा त्यात मागे फुगतो. भोकाला बुश घालून ते साधारण १.६-१.७ मिलिमीटरवर आणलं की ती अडचण जाते. बोल्ट वर उचलताना अगदी शेवटी ‘टक’ होत असेल तर मात्र ॲक्शनला दोष देऊ नका. बहुतेकदा केसचा बूड चेंबरला घट्ट झालेला असतो आणि साइझिंग डाय (वापरलेली केस पुन्हा मापात आणणारा साचा) तिथवर पोचत नसते.

आता तुमच्या हातातल्या ॲक्शनबद्दल. तिची अडचण लांबी नाही, बोल्टचा चेहरा आहे. .३०८ च्या केसचा बूड ०.४७३ इंचांचा, पीपीसीचा ०.४४ च्या थोडा पुढे. त्या रुंद चेहऱ्यात पीपीसी हलतं, केस ओढून काढणारा आकडा, एक्स्ट्रॅक्टर, नीट धरत नाही. .२२३ चा अरुंद चेहरा मोठा करता येतो, मोठा लहान करता येत नाही. नवा बोल्ट लागतो. पण या ॲक्शनवर एक सोपी वाट उघडी आहे: ६ बीआर हे काडतूस. बूड .३०८ एवढाच, केस १.५६ इंचांची आखूड, तयार केस चांगल्या मिळतात, आणि बोल्टला हात लावावा लागत नाही. निखळ १००-२०० यार्डांच्या ग्रुपमध्ये पीपीसी थोडं पुढे आहे, असं मी मानतो. पण पहिल्या दोन मोसमांत तो फरक तुमच्या हातून दिसणार नाही. वारा वाचताना होणाऱ्या चुका त्याहून कितीतरी मोठ्या असतील. मी तुमच्या जागी असतो तर ॲक्शन सरळ करून घेतली असती, लग टेकवले असते, पिन आणि स्प्रिंग बदलली असती, ६ बीआरचं चांगलं बॅरल लावलं असतं आणि उरलेलं सगळं विंड फ्लॅग, बुलेट आणि सरावावर घातलं असतं. बॅरल झिजतात, दर हजार-दीड हजार गोळ्यांनी चांगला नेमबाज नव्याचा विचार करतो. ॲक्शन मात्र तीच राहते, म्हणून तिच्यावर घाईने निर्णय घेऊ नये.

मॅगझिनची खाच असलेली ॲक्शन असेल तर खाचेवर एकेक काडतूस भरायचं सपाट तबक बसवा आणि बेडिंग नीट करा. तिची ताठपणाची कमतरता त्याने जाणार नाही, पण १०.५ पौंडांत मध्यम जाडीचं बॅरल लावून शिकायला ती पुरते.

दोन वर्षांनी बेंचरेस्टची खास ॲक्शन घ्यायची झालीच तर लांबी सोडून हे विचारा: पोट बंद आहे का, बाहेरचा व्यास किती, पीपीसीचा चेहरा मिळतो का, पोर्ट कुठे, आणि दस्त्याला बांधणाऱ्या स्क्रूंमधलं अंतर रेमिंग्टनसारखं आहे की वेगळं. शेवटचं बरेच जण विसरतात. वेगळ्या अंतराची आखूड ॲक्शन घेतली की ट्रिगरची जागा सरकते, तयार दस्ता बसत नाही आणि नवा कोरून घ्यावा लागतो. दुर्बिणीच्या रिंगांमधलं अंतरही कमी होतं, तेव्हा ३६ पटीची लांबलचक दुर्बीण त्यावर कशी बसेल, तेही आधी मांडून बघा.

आणि ॲक्शन हातात आली की बॅरल मागवायच्या आधी एक डमी काडतूस करा: प्रायमर नाही, पावडर नाही, फक्त केस आणि तुम्ही वापरणार तीच बुलेट, तुमच्या नेहमीच्या लांबीवर बसवलेली. पोर्टमधून बोटाने आत ठेवा, बोल्टच्या चेहऱ्यावर धरा, बोल्ट सावकाश पूर्ण मागे ओढा आणि टोक पुढच्या काठाला घासतं का ते उजेडात बघा. दहा वेळा करा, त्यातल्या पाच वेळा मुद्दाम घाईने. दहाही वेळा ते न अडता बाहेर आलं की मग बॅरल मागवा.